ट्रॉयचे मेजर

संग्रामराव साळुंखे फावडं घेऊन गॅरेजच्या दारात उभे होते आणि समोरचा ड्राइव्हवे आधीच साफ झालेला होता. रात्रभर बर्फ पडणार म्हणून त्यांनी पहाटेचा गजर लावला होता, कमरेला मलम चोळून ठेवलं होतं, बूट, हातमोजे, कानटोपी सगळं दारापाशी मांडून ठेवलं होतं. मोहिमेची एवढी तयारी करून बाहेर यावं तर शेजारच्या डंकन मन्रोनं आपलं स्नोब्लोअर फिरवून त्यांचा ड्राइव्हवे, त्यांचा फुटपाथ, इतकंच काय पण पोस्टाच्या पेटीपुढचा तुकडासुद्धा मोकळा केलेला. आता तो स्वतःच्या घरापुढं पोचला होता. त्यानं हात वर केला. संग्रामरावांनीही केला. करावाच लागतो.

"अहो, डंकननं केलं ना साफ?" आत गेल्यावर उत्तराबाई म्हणाल्या. "तरी मी म्हटलं होतं, गजर लावू नका."

"मी सांगितलं होतं त्याला?"

"सांगायला कशाला लागतं. शेजारी आहे. थांबा, दोन थालीपिठं देऊन येते डंकनला, गरम आहेत तोवर."

हे 'डंकन' संग्रामरावांच्या डोक्यात जायचं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली. त्यातली एकतीस अमेरिकेत, इथे मिशिगनमध्ये. एवढ्या वर्षांत उत्तराबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं असेल ते लग्नात, बारशात, डोहाळजेवणात, आणि तेही उखाण्यात गुंफून. एरवी 'अहो'. हॉस्पिटलमधल्या लॅबमध्ये त्यांनी उभा जन्म नोकरी केली, गोऱ्या साहेबांना नावानं हाका मारल्या, पण घरात पाऊल टाकलं की 'अहो'. आणि हीच बाई या माणसाला दिवसातून दहा वेळा डंकन, डंकन करायची. त्यात निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी त्याच्याबरोबर त्याच्या कुत्र्याला फिरवायला जायची. संग्रामराव चिडायचे आणि आपण चिडतो याचीही त्यांना चीड यायची. साठी उलटलेला माणूस, शेजाऱ्याला थालीपीठ दिलं म्हणून जळतो, हे कोणाला सांगणार?

डंकन मन्रो होता फॉकलंड बेटांवरचा. दक्षिण अटलांटिकमधली ही ब्रिटिशांची बेटं, तिथं मेंढ्या, पेंग्विन आणि वारा. कॅरल नावाची अमेरिकन बाई पेंग्विनांचा अभ्यास करायला मिशिगनमधल्याच ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटीतून तिकडे गेली आणि याच्याशी लग्न करून परत आली. डंकननं मग ॲन आर्बरलाच बसच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक म्हणून नोकरी केली. कॅरल वारल्यावर मोठं घर विकून तो डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावात, संग्रामरावांच्या शेजारच्या छोट्या घरात आला, त्याला आता दोन वर्षं होत होती. इथपर्यंतही संग्रामरावांना हरकत नव्हती. पण एकदा उत्तराबाई फिरून आल्या आणि कोट काढता काढता म्हणाल्या, "अहो, डंकन लढाईत होता, माहीत आहे का? ब्याऐंशी साली अर्जेंटिनानं त्यांच्या बेटावर हल्ला केला ना, तेव्हा हा वीस वर्षांचाही नव्हता. तरी व्हॉलंटियर म्हणून बंदूक घेऊन उभा होता."

त्या दिवशी संग्रामरावांना जेवण गेलं नाही.

याचं कारण कळायला त्यांच्या गावाला जायला हवं. साताऱ्याकडचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. कोणाचा सुभेदार, कोणाचा हवालदार, कोणाचा नुसता शिपाई, पण फौजेत. गावच्या जत्रेत पालखीला आधी खांदा द्यायचा तो फौजेतून रजेवर आलेल्यांनी. साळुंख्यांच्या घरातून मात्र कोणी गेलेलं नव्हतं. वडील एका पायानं अधू, भरतीच्या मैदानापर्यंतसुद्धा पोचले नाहीत. मुलगा झाला तेव्हा त्यांनी त्याचं नाव हौसेनं संग्राम ठेवलं. संग्राम कॉलेजात गेला, एनसीसीत पुढं राहिला आणि अधिकारी होण्यासाठी सिलेक्शन बोर्डापुढं तीन वेळा गेला. तिन्ही वेळा परत पाठवला गेला. मग इंजिनियर झाला, पुण्यात कंपनीला लागला आणि तिथून डेट्रॉइटकडे आला. आता मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या तपासायच्या खात्यात तो वरिष्ठ इन्स्पेक्टर होता. बिजागरी बरोबर आहे की नाही हे ठरवण्यात जन्म गेला. वाईट गेला असंही नाही. मुलगी शिकून कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला नोकरी करत होती, घराचे हप्ते संपले होते.

आणि वर्षातून एक दिवस ते मेजर होते.

हे कसं झालं ते ऐका. पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळानं पहिली शिवजयंती केली. फेटे आणले होते, पण बांधता कोणालाच येईना. संग्रामरावांना येत होतं. गावात येतंच. त्यांनी सकाळपासून एकेकाला समोर बसवून फेटे बांधले, शेवटी स्वतःचा बांधला, मिशीवरून हात फिरवला आणि दाराशी ताठ उभे राहिले. नागपूरकडच्या एका गृहस्थानं विचारलं, "तुम्ही आर्मीत होते का हो?" संग्रामराव म्हणाले, "आमचं गावच फौजेचं." यात खोटं काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी त्या गृहस्थानं त्यांची ओळख 'आपले मेजर' म्हणून करून दिली. संग्रामरावांनी दुरुस्ती केली नाही. नवी माणसं येत गेली, एच-वन व्हिसावर आलेली पोरं, त्यांच्या बायका, मग त्यांची पोरं. सगळ्यांचे ते मेजरकाका झाले. गणपतीत पार्किंगला रिफ्लेक्टरचं जॅकेट घालून थंडीत उभे राहायचे ते मेजरकाका. खुर्च्या लावायच्या ते मेजरकाका. पोरं त्यांना सॅल्यूट ठोकायची आणि ते उलट ठोकायचे, अगदी एनसीसीत शिकवल्यासारखा.

जानेवारीच्या शेवटी मंडळाचा अध्यक्ष मिहीर चहाला आला. मिहीर मुंबईचा, आयटीतला, चाळिशीच्या आतला, सतत घाईत.

"काका, प्रॉब्लेम झालाय. शिकागोहून कर्नलसाहेब येणार होते ना चीफ गेस्ट म्हणून? त्यांनी कॅन्सल केलं. गुडघा रिप्लेसमेंट आहे त्यांची."

शिवजयंतीला दरवर्षी एका सैनिकाचा सत्कार करायची मंडळाची पद्धत होती. मानाचा फेटा, शाल, श्रीफळ आणि मानाची तलवार. कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये, तिथं शस्त्र न्यायला बंदी, म्हणून तलवार लाकडाची होती आणि तिला चंदेरी रंग दिलेला होता. समईसुद्धा बॅटरीवरची होती, आगीचा गजर वाजू नये म्हणून. तरी तलवार ती तलवारच.

"मग आता?" संग्रामरावांनी बशी टेबलावर ठेवली.

"मी काय म्हणतो, यंदा पंचवीस वर्षं होतायत. बाहेरचा गेस्ट कशाला? आपल्याच मंडळात एवढे..."

"डंकन आहे की," उत्तराबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

मिहीर वळला. "कोण, काकू?"

"आमच्या शेजारचा. फॉकलंडच्या लढाईत होता तो. खरा." हात पुसत त्या बाहेर आल्या. "एकटा असतो बिचारा. येईल आनंदानं. मी विचारते त्याला."

"ओह वॉव. म्हणजे ब्रिटिश आर्मी? काकू, यू आर अ लाइफसेव्हर. काका, काय म्हणता?"

काका काय म्हणणार? चांगलं आहे म्हणाले. मिहीर उत्साहात फोन काढून कोणाकोणाला कळवत निघालासुद्धा. दारात त्यानं वळून सांगितलं, "आणि गेस्टचा परिचय तुम्हीच करून द्यायचा हां, काका. फौजेचं तुम्हालाच कळतं."

दार लागल्यावर संग्रामरावांनी टेबलावरच्या कपबशा गोळा केल्या. मग म्हणाले, "माझं नाव घेणार होता तो."

"कळलं मला."

"कळलं? कळूनसुद्धा मधी तोंड घातलंस?"

"कळलं म्हणूनच घातलं." उत्तराबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "अहो, एरवी मेजर म्हणतात ते मी ऐकून घेते. चेष्टेत म्हणतात असं मनाशी धरते. पण स्टेजवर बोलावून सैनिक म्हणून तलवार देणार तुम्हाला. मी खाली बसून टाळ्या कशा वाजवायच्या? सांगा ना."

"आणि त्याच्यासाठी वाजवशील."

"वाजवीन. तो होता तिथं."

संग्रामराव उठून तळघरात गेले आणि फेट्यांची पेटी उगाच उघडून बसले. बायको खरं बोलत होती हे त्यांना कळत होतं. पण माणसाच्या पोटात एकदा दुखायला लागलं की खरं-खोटं बाजूला राहतं. त्यांच्या डोक्यात एवढंच घुमत राहिलं, 'तो होता तिथं.' ही बाई आपल्याबरोबर पस्तीस वर्षं राहिली आणि दोन वर्षांच्या शेजाऱ्याला तिनं आपल्यावरचा नंबर दिला.

चार दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात आली. वर भगवा रंग, मध्ये डंकनचा उत्तराबाईंनी काढलेला फोटो, कुत्र्याला कापून टाकलेलं. खाली मोठ्या अक्षरात, 'फॉकलंड युद्धातील शूर ब्रिटिश कमांडो'. शंभरेक अंगठे पडले होते. संग्रामरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. परिचय लिहायला म्हणून ते कॉम्प्युटरपुढं बसले आणि त्या लढाईबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

वाचता वाचता ते सरसावून बसले. ब्रिटिश सैन्य बोटींनी आलं, अडीच महिन्यांनी बेटं परत जिंकली, हे सगळं नंतरचं. डंकन त्या सैन्यात नव्हताच. तो होता बेटाच्या स्थानिक संरक्षण दलात. दुकानदार, ड्रायव्हर, टपालवाले यांचं हौशी दल. हल्ला होणार म्हणून गव्हर्नरनं रेडिओवरून बोलावलं तेव्हा वीस-पंचवीस जण आले. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हर्नरनं शरणागती पत्करली आणि त्यांनी बंदुका खाली ठेवल्या. खलास. लढाई सुरू झाली त्याच सकाळी यांची संपली होती.

संग्रामरावांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी मोठ्या आनंदानं परिचय लिहून काढला. इंग्रजीतून, म्हणजे हॉलमधल्या पोरांना कळेल आणि ज्याला कळायला हवं त्यालाही कळेल. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. त्या रात्री त्यांना झोप फार छान लागली.

शिवजयंतीचा कार्यक्रम रविवारी होता. सकाळपासून हॉलच्या मागच्या खोलीत संग्रामराव फेटे बांधत होते. पोरं, बापे, ढोल वाजवणाऱ्या मुली, सगळ्यांची रांग. शेवटी उत्तराबाई डंकनला घेऊन आल्या. त्यानं कोट घातला होता, टाय बांधला होता, दाढी केली होती आणि तो फार घाबरलेला होता. उत्तराबाई त्याला खुर्चीवर बसवून समोरच्या रांगेतली जागा धरायला गेल्या.

फेटा बांधायचा म्हणजे माणसाच्या अगदी जवळ उभं राहावं लागतं. डंकनच्या पातळ केसांतून गुलाबी टाळू दिसत होती. गोंड्याकडचं टोक त्याच्या हातात देऊन संग्रामरावांनी पहिला पेच घातला.

"मेजर," डंकन म्हणाला. त्यांचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. "मला आज कळलं तुम्ही मेजर होतात. मिहीरनं सांगितलं. दोन वर्षं शेजारी राहतो आपण, मला माहीतच नव्हतं. उत्तरा कधी बोलली नाही."

संग्रामरावांनी पेच आवळला.

"कोणती रेजिमेंट?"

"हलू नका," संग्रामराव म्हणाले.

"काका इज टू मॉडेस्ट," कपाळाला चंद्रकोर लावून घ्यायला आलेला मिहीर म्हणाला. "ते कधी काहीच सांगत नाहीत, यू नो. रिअल सोल्जर्स आर लाइक दॅट."

"खरं आहे," डंकन म्हणाला. "आमच्याकडे आलेले सैनिकही असेच होते. काही बोलायचे नाहीत." मग हळूच म्हणाला, "माझ्यासारख्याला तुमच्यासमोर तलवार घ्यायची म्हणजे लाजच वाटते हो. मी उत्तराला सांगितलं होतं की मी काही मोठं केलेलं नाही. ती म्हणाली, ये तू."

संग्रामरावांच्या हातातलं कापड एकदा सुटलं. त्यांनी तो पेच उलगडून परत घातला. हा माणूस आपली थट्टा करतोय की काय, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण डंकनचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा होता. खिशातला परिचयाचा कागद त्यांना आठवला आणि छातीत थोडं कसंतरी झालं. तेवढ्यात बाहेरून उत्तराबाईंची हाक आली, "डंकन, झालं का? चल." आणि ते कसंतरी झालेलं गेलं.

हॉल भरलेला होता. तीन-चारशे माणसं, निम्मी फेट्यात. महाराजांच्या मूर्तीला हार घातला, बॅटरीची समई लावली, आरती झाली. मग मिहीरनं पुकारलं, "आणि आता आपल्या चीफ गेस्टचा परिचय करून देतायत आपले लाडके मेजरकाका." पोरांनी शिट्ट्या मारल्या.

संग्रामरावांनी माइक धरला आणि वाचायला सुरुवात केली. बेटं कुठं आहेत ते सांगितलं, लोकवस्ती किती ते सांगितलं. मग म्हणाले, "जाहिरातीत लिहिलंय की आजचे पाहुणे ब्रिटिश कमांडो होते. ही चूक आहे. ते सैन्यात नव्हते. ते स्थानिक स्वयंसेवक होते. त्या युद्धात त्यांनी एकही गोळी झाडली नाही. पहिल्याच सकाळी त्यांना बंदूक खाली ठेवावी लागली आणि शत्रूनं त्यांना घरी पाठवलं. असे आपले आजचे वीर, श्रीयुत डंकन मन्रो."

टाळ्या सुरू झाल्या आणि मध्येच विरल्या. वाजवाव्यात की नाही हे लोकांना कळेना. मिहीर तोंड उघडं टाकून बघत होता. पहिल्या रांगेत उत्तराबाईंनी मान खाली घातली होती. संग्रामरावांना वाटलं होतं, आता फार बरं वाटेल. नाही वाटलं. पोरांच्या समोर कोणाला तरी थोबाडीत मारावी तसं वाटलं आणि ती आपल्याच हाताला लागली असंही.

डंकन उठला. फेटा त्याला सवयीचा नव्हता, त्यामुळे तो मान अवघडून माइकपर्यंत आला.

"मेजर बरोबर सांगतायत," तो म्हणाला. "माझी इतकी खरी ओळख आजवर कोणी करून दिली नव्हती. इथे अमेरिकेत लोकांना मी फॉकलंडचा म्हटलं की ते मला आपोआप हिरो करतात. आणि कधीकधी मी करू देतो." लोक थोडे हसले. "त्या संध्याकाळी रेडिओवर सांगितलं, दलातल्या सगळ्यांनी हजर व्हावं. मी घरी जेवत होतो. आई म्हणाली, जेवण पुरं कर. मी पुरं केलं आणि गेलो. आमच्यापैकी बरेच आले नाहीत. त्यांना मी दोष देत नाही. मला टेलिफोन एक्स्चेंजजवळ उभं केलं. पहाटे गोळ्यांचे आवाज आले. मला फक्त एवढंच वाटत होतं, की आपल्याला लागू नये. सकाळी हुकूम आला, बंदुका खाली ठेवा. माझ्या वयाच्याच एका अर्जेंटिनी पोरानं माझी बंदूक उचलली. तोही घाबरलेला होता. मी घरी गेलो. आईनं चहा ठेवला होता. एवढंच माझं युद्ध. मग खरे सैनिक आठ हजार मैलांवरून आले, त्यातले कित्येक मेले आणि आम्ही सुटलो."

मग मागून कोणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळा हॉल वाजवायला लागला. मिहीरनं धावत जाऊन शाल आणली, श्रीफळ आणलं, तलवार आणली. डंकननं शाल अंगावर घेऊ दिली, नारळ घेतला. तलवार मात्र त्यानं दोन्ही हातांवर आडवी धरली, तिच्याकडे बघितलं आणि माइकमध्ये म्हणाला, "ही मी ठेवणं बरं दिसणार नाही. या खोलीत एक खरा सैनिक आहे. दोन वर्षं माझ्या शेजारी राहतो आणि मला पत्ता नाही." तो वळला आणि त्यानं ती तलवार संग्रामरावांच्या पुढं केली. "मेजर."

हॉल उसळला. पोरं 'मेजरकाका, मेजरकाका' ओरडायला लागली. ढोलाच्या पोरींनी दोन ठोकेसुद्धा दिले. पंचवीस वर्षं संग्रामरावांनी ज्याची वाट बघितली ते अगदी असंच होतं. स्टेज असंच, फेटे असेच, तलवार हीच. हात पुढं करायचा तेवढा बाकी होता. त्यांनी खाली पाहिलं. उत्तराबाई आता मान वर करून त्यांच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत राग नव्हता. नवऱ्याला गर्दीत रस्ता ओलांडताना बघावं तशा बघत होत्या.

"मी फौजेत नव्हतो," संग्रामराव म्हणाले.

आवाजात ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी माइक जवळ ओढला. "मी फौजेत नव्हतो. कधीच."

लोक हसले. टाळ्या आणखी वाढल्या. मिहीर दुसरा माइक घेऊन म्हणाला, "बघा, याला म्हणतात मॉडेस्टी. काका, घ्या हो, प्लीज."

"अरे, खरंच नव्हतो." आता त्यांचा आवाज गावाकडचा झाला. "गेलो होतो. तीन डाव गेलो. तिन्ही डाव परत पाठवलं. मेजर तुम्ही म्हणत गेला आणि मी म्हणू दिलं. आवडायचं मला. मी बिजागऱ्या तपासतो." मग डंकनकडे वळून तेच त्यांनी इंग्रजीत सांगितलं, तीन डावांसकट.

हसू एकेका रांगेत थांबत गेलं. पुढची आधी थांबली, मागची थोडी उशिरा. मिहीरचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि त्याचं काय करावं ते त्याला सुचेना. पोरं आईबापांकडे बघायला लागली. कोणीतरी इंग्रजीत विचारलं, "म्हणजे मेजरकाका फेक आहेत?" आणि त्याला गप्प केल्याचा आवाज आला.

मिहीरनं डंकनच्या हातावरची तलवार घेतली आणि महाराजांच्या मूर्तीपुढं ठेवून दिली. मग घसा साफ करून म्हणाला, "ओके, तर नेक्स्ट आहे मुलांचा पोवाडा." पोरं पळतपळत येऊन उभी राहायला लागली. त्यांना जागा द्यायला बाजूला व्हावं लागलं आणि संग्रामरावांना कुठं जावं ते कळेना. जिना पोरांनी अडवलेला होता. स्टेजच्या कडेला पाहुण्यांसाठी एक छोटा सोफा ठेवला होता. डंकन त्यावर जाऊन बसला होता. तो नारळ घेऊन एका बाजूला सरकला आणि त्यानं शेजारच्या जागेवर हात थोपटला.

संग्रामराव जाऊन बसले. चारशे माणसांपुढं बसायचं म्हणजे ताठ बसावं लागतं, म्हणून ताठ बसले. त्यांचे कान तापले होते. डंकन आता काय म्हणेल याची त्यांना धास्ती वाटत होती. माफी मागावी, तर कुठल्या गोष्टीची आधी मागावी तेही समजत नव्हतं.

"आमच्याकडे नापास करायला कोणी नव्हतंच," डंकन समोर बघत म्हणाला. "माणसंच एवढी कमी. जो येईल त्याला बंदूक देत होते." मग त्यानं विचारलं, "तिसऱ्या वेळी काय झालं?"

चाळीस वर्षांत हे संग्रामरावांना कोणी विचारलं नव्हतं. वडिलांना धीर झाला नाही. उत्तराबाईंना वाटायचं, कशाला दुखऱ्या जागी हात लावा.

"छातीवर कापडाचा नंबर बांधलेला असतो," संग्रामराव म्हणाले. "तिथं नाव नसतं कोणाला. नंबरानंच हाक मारतात. शेवटच्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवतात आणि पास झालेल्यांचे नंबर वाचतात. बाकीच्यांनी आपापला नंबर सोडून टेबलावर ठेवायचा."

"ठेवलात?"

"ठेवला. घडी घालून."

डंकननं मान डोलावली. "मी गवतावर ठेवली होती," तो म्हणाला. "बंदूक. रस्त्यावर चिखल होता, खराब झाली असती."

मग पोवाड्याच्या साथीला ढोल सुरू झाले आणि सगळा हॉल दणाणला. संग्रामरावांना अजून सांगायचं होतं. नापास झालेल्यांना एकाच ट्रकमध्ये घालून स्टेशनवर सोडलं ते, त्या ट्रकमध्ये एक पंजाबी मुलगा सगळ्यांना गाणी म्हणायला लावत होता ते, घरी पोचल्यावर वडिलांनी काही न विचारता आंघोळीला पाणी काढलं ते. ते बोलत होते, पण आवाज पोचत नव्हता. डंकननं दोन बोटांनी फेटा कानावरून वर सरकवला आणि कान त्यांच्या तोंडाजवळ आणला.